पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने: एफडी मोडू की कर्ज काढू?

प्रश्न: मी मुलुंडला राहतो, वय ३८. शाळेपासूनचे आम्ही सहा मित्र जूनमध्ये डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला सायकलने जायचं म्हणतोय. एकसारख्या जर्सी शिवूनही झाल्या! एजंट माणशी २,६०,००० रुपये सांगतो. हातात पगार ९८,०००. घराचा हप्ता ३४,०००, घरखर्च ३६,०००, एसआयपी १२,०००. एफडी ४ लाखांची. ती मोडू, की २.५ लाखांचं पर्सनल लोन घेऊ? शिवाय सगळ्यांचं बुकिंग माझ्या क्रेडिट कार्डावर करून पॉइंट मिळवू का? ८५,००० ची नवी सायकलही मनात आहे.

उत्तर: जरूर जा. सहा शाळासोबत्यांच्या रजा एकाच वेळी जुळणं सोपं नाही, ती संधी सोडू नका. फक्त जूनऐवजी गणपती गावाला गेल्यावर, सप्टेंबरअखेरीस जा. कर्ज नको, आणि एफडीलाही हात लावू नका.

तुमच्याकडे महिन्याला १६,००० उरतात. २.५ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,००० बसतो. एकूण परतफेड २,८८,०००, म्हणजे ३८,००० नुसतं व्याज. प्रोसेसिंग फी वेगळी. दहा दिवसांच्या सुट्टीसाठी दोन वर्षं हाताशी फक्त ४,००० राहतील आणि घरात पहिलं आजारपण आलं की एसआयपी थांबेल. एफडीचं म्हणाल, तर हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७०,००० लागतात, सहा महिन्यांचे ४.२ लाख होतात. म्हणजे ती एफडी हाच तुमचा आपत्कालीन निधी आहे. त्यातून २.६ लाख काढले तर नोकरी गेल्यावर जेमतेम दोन महिने निघतील. शेंगेन व्हिसासाठी बँक स्टेटमेंटही द्यावं लागतं. त्यात अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम जमा दिसली की शंका येते. तिथे जुनी एफडी उपयोगी पडते.

आता खर्चच कमी करू. हा मार्ग साधारण ३२० किलोमीटरचा, बहुतांश सपाट. पाट्या उत्तम आहेत, त्यामुळे गाइड लागत नाही. युरो ११० रुपये धरून माझा अंदाज असा: विमान ६२,०००, व्हिसा आणि विमा १४,०००, दोघांत एक खोली धरून नऊ रात्री ४९,५००, जेवण २९,७००, भाड्याची सायकल १६,५००, रेल्वे ५,५००. वर दहा टक्के राखीव धरले की १,९५,०००. फेब्रुवारीपासून दरमहा १५,००० आरडीत टाका. सप्टेंबरपर्यंत १,२०,००० होतील. उरलेले ७५,००० एप्रिलमध्ये बोनस मिळत असेल तर त्यातून. बोनस त्याहून कमी आला, तर सहल पुढच्या मे महिन्यावर ढकला, कर्जावर नको. हे पैसे शेअर बाजारात ठेवू नका, आठ महिने त्यासाठी फार कमी.

नवी सायकल घेऊ नका, आणि कुणी आपली नेऊही नका. विमानासाठी खोक्यात भरताना पेडल, हँडल, पुढचं चाक काढावं लागतं. सामान आपटलं की मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकतो, डिस्क ब्रेकची चकती वाकते आणि पहिला दिवस दुरुस्तीत जातो. मुख्य अडचण पुढे आहे. प्रवास पासाऊला सुरू होऊन व्हिएन्नाला संपतो, मग रिकामं खोकं कुठे ठेवणार? पासाऊला घेऊन व्हिएन्नाला परत करता येईल अशी सायकल भाड्याने मिळते. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. ई-बाइकचं जादा भाडं देण्याची गरज नाही. बुकिंग करताना उंची कळवा आणि वजनमर्यादा विचारा. ती सामानासकट मोजतात. जाण्याआधी सलग दोन दिवस पन्नास-पन्नास किलोमीटर चालवून बघा. पहिल्या दिवशी जमतं, दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही, आणि मग रेल्वेची तिकिटं काढावी लागतात.

बारा लाखांचं बुकिंग तुमच्या कार्डावर मुळीच नको. वर्षात कार्डाचं १० लाख किंवा त्याहून जास्त बिल भरलं की ती माहिती आयकर खात्याला जाते. पगाराच्या मानाने खर्च मोठा दिसला तर खुलासा तुम्हाला करावा लागेल. एखादा मित्र गळाला तरी बिल तुमच्याच नावावर. परदेशात बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरची बँकेची फी) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. पॉइंटांनी ते सहसा भरून निघत नाहीत. मशीनने ‘रुपयांत की युरोत?’ विचारलं तर युरोच निवडा.

व्हिसा ऑस्ट्रियाचा काढा, कारण जास्त रात्री तिथे आहेत. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. तो हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच तिकिटं आणि खोल्या घ्या. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पॉलिसीत सायकलिंग वगळलेलं नाही ना आणि दुसऱ्याला झालेली इजा धरली आहे ना, हे वाचा. वाटेतल्या ऑस्ट्रियाच्या वाखाऊ खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांत वाइन मिळेल, पण ती सायकल लावून ठेवल्यावर, संध्याकाळी. ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या अल्कोहोलची ०.८ प्रोमिलची (हजारी ०.८) मर्यादा आहे, आणि दारू पिऊन पडल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट सहाही जणांनी ग्रुपवर लिहून मान्य करा: जो गळेल त्याचे रद्द न होणारे पैसे त्याचेच, आणि त्याच्यामुळे एकट्या पडलेल्या जोडीदाराच्या खोलीचा जादा खर्चही त्यानेच द्यायचा.