न्यूयॉर्कची 'जपान सोसायटी' ही जपान सरकारची संस्था आहे का?

नाही. नावामुळे हा गैरसमज वारंवार होतो. परंतु 1907 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकन असून ना-नफा तत्त्वावर चालते. जपान सरकारने सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी 1972 मध्ये उभारलेले 'जपान फाउंडेशन' ही पूर्णपणे वेगळी संस्था आहे.

सोसायटीचा इतिहास मात्र सरळ रेषेत गेलेला नाही. डिसेंबर 1941 मध्ये जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केल्यावर तिचे काम थांबले. पुढे 1951 मध्ये शांतता कराराच्या वाटाघाटींसाठी जपानला गेलेल्या अमेरिकन शिष्टमंडळात प्रसिद्ध धनाढ्य रॉकफेलर घराण्यातील जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांचा समावेश होता आणि संस्कृतीच्या मार्गाने तुटलेले संबंध पुन्हा जोडता येतील, असा विश्वास बाळगणाऱ्या याच गृहस्थांनी 1952 मध्ये अध्यक्षपद स्वीकारून संस्थेला नवे बळ दिले. युद्धानंतर इतक्या लवकर असा पुढाकार घेणे सोपे नव्हते, असे मला वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाजवळची तिची सध्याची इमारत 1971 मध्ये खुली झाली. वास्तुविशारद जुन्झो योशिमुरा यांनी आधुनिक बांधणीत जपानी घराचा साधेपणा, लाकडी पट्ट्या आणि आतली छोटी बाग इतक्या संयमाने गुंफली आहे की, माझ्या मते, ती इमारत हेच संस्थेचे सर्वांत बोलके प्रदर्शन ठरावे. येथे कलाप्रदर्शने, नाट्य-नृत्याचे प्रयोग, चित्रपट, जपानी भाषेचे वर्ग, तसेच व्यापार व धोरण यांवरील चर्चा होतात. यांतील बरेच कार्यक्रम सभासद नसलेल्यांनाही तिकीट काढून पाहता येतात.