व्हिएतनामला जरूर जा, पण आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : माझं वय 57. मिस्टर साठ पूर्ण करून नुकतेच खासगी कंपनीतून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 70 लाख आले. मुलुंडला स्वतःचं घर आहे, कर्ज नाही, मुलगी लग्न होऊन पुण्यात असते. घरखर्च महिन्याला 40 हजार, ईपीएसची पेन्शन साडेसहा हजार. दिवाळी झाली की दोघांनी बारा दिवस व्हिएतनाम करायचं ठरवलंय : हनोई, हालाँग बे, हुए, होई आन, हो ची मिन्ह सिटी. टूर कंपनी माणशी 2 लाख 10 हजार मागते. मुलगी म्हणते, तिकिटं आपण काढू आणि प्रत्येक ठिकाणी तिथलाच गाईड घेऊ. गाईड दिवसाला 50 डॉलर सांगतात. आम्ही शाकाहारी आहोत. काय परवडेल? पैशांची सोय झाली आहे. बँकेच्या मॅनेजरनी वर्षाला 5 लाख भरायची गॅरंटीड योजना करून दिली, तिचा दरवर्षी 1 लाख कॅशबॅक सहलीसाठीच ठेवणार आहोत. पॉलिसी पंधरा दिवसांपूर्वी आली, तक्ता सोबत जोडते आहे.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या, कारण हे छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे निम्मे दिवस गेले आहेत. गाईडचं नंतर बघू.

तुम्ही जोडलेला तक्ता असा आहे : दहा वर्षं 5 लाख भरायचे, वीस वर्षं दरवर्षी 1 लाख मिळणार, विसाव्या वर्षी 70 लाख. म्हणजे 50 लाख भरून 90 लाख. ऐकायला छान वाटतं. पण कुठले पैसे कधी गेले आणि कधी आले ते मांडून बघितलं, तर परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या जरासा वर जातो. साध्या एफडीतही याहून जास्त मिळतं. आणि सुरुवातीची दहा वर्षं तो 1 लाखाचा कॅशबॅक तुम्ही भरलेल्या 5 लाखांतूनच येतो. तुमचेच पैसे तुम्हाला बक्षीस म्हणून परत मिळणार आहेत.

परताव्यापेक्षा मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पगार थांबलेल्या माणसाला दहा वर्षं दरसाल 5 लाख भरायला लावलेत. ते येणार कुठून? त्याच 70 लाखांतून. पहिला हप्ता गेला, 65 उरले. त्यावर साडेसहा टक्के व्याज धरा, खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढेल असं धरा, पेन्शन आणि कॅशबॅक दोन्ही जमेला धरा. दहावा हप्ता भरून होईल तेव्हा मिस्टर 69 वर्षांचे असतील आणि खात्यात सहा-सात लाख असतील. आज 40 हजारांत चालणारं घर तेव्हा महिन्याला 65-70 हजार मागेल. पॉलिसीचे 70 लाख मात्र त्यांच्या ऐंशीव्या वर्षी येणार! मधली दहा-अकरा वर्षं तुम्ही काय खाणार? या हिशोबात एकही सहल धरलेली नाही, हॉस्पिटलचा एक दिवसही नाही.

पॉलिसी नसेल तर त्याच वयात, त्याच खर्चात साठ लाखांच्या आसपास उरतात. यंदाची सहल वजा केली तरी पंचावन्नच्या खाली फारसं जात नाही. तुम्ही विचारताय ती सहल परवडते का. सहल परवडते. परवडत नाही ती पॉलिसी.

मॅनेजर तुमच्याशी गोड बोलले असतील, चहाही पाजला असेल. पण साठीच्या माणसाची आयुष्यभराची पुंजी समोर असताना दहा वर्षांच्या हप्त्यांची योजना पुढे करणं याला मी सल्ला म्हणत नाही. मिस्टरांच्या कमाईवर आज कोणी अवलंबून नाही, मुलगी मार्गी लागली आहे. मग यात विमा तरी कोणासाठी?

आता करायचं ते. अर्ज बँकेला नव्हे, विमा कंपनीला करा. ईमेल तर कराच, शिवाय शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. मॅनेजर फोन करतील, "थांबा, मी बघतो" म्हणतील. थांबू नका, तुमचे दिवस मोजले जात आहेत. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि इतक्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी सगळी रक्कम परत मिळते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्यापुढे विमा लोकपाल आहेत.

पैसे परत आले की मिस्टरांच्या नावे पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. मर्यादा 30 लाख. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये हातात येतात. बाकीचं कसं वाटायचं ते सविस्तर नंतर लिहीन, पण एक आत्ताच सांगा : ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. संपला असेल तर दोघांचा आरोग्य विमा सहलीच्या बुकिंगच्या आधी काढा.

आता व्हिएतनाम. मुलीचं बरोबर आहे. डॉलर 90 रुपये धरून दोघांचा हिशोब असा बसतो : मुंबईहून जाण्या-येण्याचं विमान 80 हजार, तिथली अंतर्गत विमानं आणि गाड्या 30, दहा रात्रींची हॉटेलं 55, हालाँगच्या बोटीवर एक रात्र 30, जेवण-टॅक्सी-तिकिटं 48, व्हिसा आणि प्रवास विमा 10. पाच दिवसांचे गाईड साडेबावीस. पावणेतीन लाख होतात, वरखर्च धरून 3 लाख. टूर कंपनीकडे हाच आकडा 4 लाख 20 हजार.

पाचच दिवस गाईड का, बाराही दिवस का नाही? हालाँगच्या बोटीवर त्यांचा गाईड असतोच. होई आनचं जुनं गाव पायी हिंडायचं आहे, तिथे हरवण्यातच मजा आहे. पण हुएला न्गुयेन राजांचा किल्ला आणि समाध्या आहेत, तिथे दोन दिवस सांगणारा हवा. आणि होई आनजवळ ‘मी सन’ नावाचं ठिकाण आहे, तिथे तर एक दिवस हवाच हवा. तिथे जुन्या चंपा राज्याच्या राजांची शिवमंदिरं आहेत, 1999 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. 1969 च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात त्यांतली बरीच ढासळली. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली आणि 2020 मध्ये त्या कामातच एका अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. माहिती नसेल तर तिथे विटांचे ढिगारे बघून परत याल. हनोईत पहिल्या दिवशी गाईड घ्या आणि त्याच्याकडून "चाय" हा शब्द नीट शिकून घ्या. तिकडे शाकाहारी जेवणाला तोच म्हणतात. नाहीतर दिसायला भाजी आणि आत माशाचा सॉस. पाचवा दिवस हो ची मिन्ह सिटीजवळच्या कू चीच्या युद्धकाळातल्या भुयारांसाठी. गाईडकडे त्यांच्या सरकारचं ओळखपत्र आहे ना, एवढं आधी विचारा.

दिवाळीनंतर लगेच मात्र जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हुए-होई आन भागात जोराचा पाऊस असतो, होई आनच्या गल्ल्यांत पाणी भरतं. मार्चमध्ये जा. तेत हा त्यांचा नववर्षाचा सण तोवर उरकलेला असतो. आता शाळेच्या सुट्ट्यांशी किंवा मिस्टरांच्या रजेशी तुमचा संबंध उरलेला नाही, त्याचा फायदा घ्या.

दुकानात कार्ड दिल्यावर रुपयांत की डाँगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, असं मशीन विचारेल, तेव्हा डाँग दाबा.

दरवर्षी परदेश मात्र 70 लाखांत बसत नाही. तीन वर्षांतून एकदा बसेल. पॉलिसी परत केल्याची पोच मिळाली की मला पाठवा.