नऊ तासांची वही

वडिलांनी पिशवीतून एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ, अक्षर अगदी मोत्यासारखं. प्रत्येक ओळीत तारीख आणि पुढे तास. 9. साडेआठ. 9. 10. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा 4.

“मॅडम, दहा महिने मी रोज लिहून ठेवतोय. गेल्या वर्षी नोकरी सांभाळून तीन तास अभ्यास करायची, तेव्हा बँकेच्या परीक्षेत राहिली. यंदा नोकरी सोडून नऊ तास करते, तरी राहिली. गुण जवळपास तेवढेच. मग चुकतंय कुठे? हिला झेपत नाही, असं तर नाही ना?”

मुलगी शेजारीच बसली होती. वय 28. शेवटचा प्रश्न ऐकून तिने वहीकडे पाहिलं, वडिलांकडे नाही.

“इतका अभ्यास करून निघत का नाही?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतं. इंदूरला भंवरकुआंच्या गल्ल्यांमधून जी हजारो मुलं क्लास, मेस आणि खोली या तीन ठिकाणांत राहतात, त्यांच्या घरातला हा प्रश्न आहे. म्हणून ही हकिगत लिहिते आहे. त्या मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तयारी करत होती ग्रामीण बँकेतल्या कृषी अधिकारी पदाची, म्हणजे स्केल-2 या अधिकारी श्रेणीची. ही परीक्षा आयबीपीएस, म्हणजे बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था, घेते. या पदाला शेती किंवा तिच्या जवळच्या शाखेची पदवी लागते, 50 टक्के गुण लागतात आणि त्या क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयाची अट 32 च्या आतली. तिने इंदूरच्याच कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. केलं होतं आणि एका बियाणे कंपनीत अडीच वर्षं सांवेर-देपालपूरकडची गावं पालथी घातली होती. अनुभवाचा दाखला हाती आल्यावरच तिने नोकरी सोडली, हे फार बरं झालं. दीड वर्षातच “आता पूर्ण वेळ अभ्यास” म्हणून राजीनामा देणारी मुलं मी पाहिली आहेत. जाहिरात निघाली की त्यांना अर्जच भरता येत नाही, आणि मग घरात जे होतं ते बघवत नाही.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, रडू, मनात येणारे विचार यांबद्दल सविस्तर विचारते. अभ्यासाचं नंतर. झोप बऱ्यापैकी होती, जेवणही. “जगून काय करू” असं कधी वाटलं का, हे मी सरळ शब्दांत विचारलं. तिने सरळ “नाही” म्हटलं. हे उत्तर “हो” असतं तर पुढची सगळी चर्चा बाजूला ठेवून मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. घरात कुणाबद्दल अशी शंका आली तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीही उचलला जातो.

मग मी तिला सहज सोयाबीनबद्दल विचारलं. तोवर एका शब्दात उत्तरं देणारी ती मुलगी पंधरा मिनिटं बोलत राहिली. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीमुळे कसा पसरतो, पहिल्या पावसानंतर घाईने पेरणारे कसे फसतात, गव्हाच्या जातींच्या नावातलं ‘एचआय’ म्हणजे हायब्रिड इंदूर, त्यातलं इंदूर आपल्या इथल्या गहू केंद्रावरून आलं आहे, हे किती जणांना माहीत असतं? तिच्या कॉलेजच्या आवारात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची पद्धत बसवली आणि जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली, हे सांगताना तर ती खुर्चीत पुढे सरकली होती.

हे ऐकताना माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, “बाबांच्या वहीत एकूण तास आहेत. तुझ्या वहीतून मला विषयवार तास काढून दे.”

पुढच्या भेटीत ती हिशोब घेऊन आली. रोजच्या नऊ तासांतले साडेपाच ते सहा तास शेतीला. एक तास इंग्रजी. संगणक थोडा. रीझनिंग, गणित आणि बँकिंग-अर्थकारण मिळून जे उरेल ते, आणि तेही रात्री साडेनऊनंतर.

आता पेपर बघा. ती बसली त्या वर्षी या पदाला पूर्वपरीक्षा नव्हती, एकच लेखी होती. 2 तासांत 240 प्रश्न, 200 गुण आणि चुकीच्या उत्तराला पाव भाग वजा. त्यात शेतीचे प्रश्न 40, गुण 40. रीझनिंगला 40, गणिताला 40, आर्थिक जाणिवेला, म्हणजे बँकिंग-अर्थकारणाला, 40. म्हणजे ज्या 40 गुणांत ती आधीच चांगली होती, त्यांच्यावर दिवसाचा दोन तृतीयांश वेळ जात होता, आणि जे 120 गुण तिला घाबरवत होते त्यांच्या वाट्याला थकलेल्या डोक्याचे दीड-दोन तास. शिवाय प्रत्येक विषयात किमान गुण हवेतच.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पेपरचा आराखडा तिला तोंडपाठ होता. मग असं का होत होतं?

रीझनिंगचं पुस्तक उघडलं की तिच्या छातीत धडधडायचं. बैठक व्यवस्थेचा एक प्रश्न अडला की “बाकीच्या मुलांचे असे पाच झाले असतील” हा विचार यायचा. मग ती म्हणायची, आधी मृदाशास्त्राची एक उजळणी करून घेऊ, मन शांत होईल, मग बघू. मृदाशास्त्र उघडलं की खरंच शांत वाटायचं. हा जो सुटकेचा दिलासा आहे ना, तोच माणसाला पुन्हा पुन्हा तिकडे नेतो. टाळल्यावर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर टाळलं जातं आणि टाळलेली गोष्ट दर वेळी थोडी मोठी दिसू लागते. मोबाइल बघत बसणारं मूल टाळतंय हे घरच्यांना दिसतं. पण पुस्तकात डोकं घालून बसलेली मुलगी टाळते आहे हे दिसणार कसं? वहीत तर 9 तास लागलेले असतात.

अभ्यास करूनही अभ्यास टाळता येतो. कष्टाळू मुलांमध्ये मला हे आळशी मुलांपेक्षा जास्त दिसतं.

इथे माझी एक चूक सांगते. मी तिला म्हटलं, विषयांचे तास बदलून नवं वेळापत्रक कर. ती चार रंगांत आखलेलं देखणं वेळापत्रक घेऊन आली. ते आखण्यात तिचे दोन दिवस गेले होते आणि त्या दोन दिवसांत तिने रीझनिंग उघडलं नव्हतं. भीतीवर मी कागद चिकटवला होता. पुढे वेळापत्रकाचा विषयच काढला नाही.

त्याऐवजी आम्ही फार छोटं ठरवलं. सकाळी अंघोळ झाल्यावर, शेतीचं कुठलंही पुस्तक हातात घेण्याआधी, रीझनिंगचे दहा प्रश्न. दहा मिनिटं. घड्याळ लावायचं. धडधडलं तर धडधडू द्यायचं, पण दहा मिनिटं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. किती बरोबर आले ते पहिले आठ दिवस मोजायचं नाही. पाचव्या दिवशी तिने सांगितलं, “ताई, सातव्या मिनिटाला आपोआप कमी होतं.” भीती टाळली नाही तर ती स्वतःहून ओसरते, हे मी शंभरदा सांगून पटलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात दहाची चाळीस मिनिटं झाली.

बँकिंगच्या विषयाची भीती वेगळी होती. “ते कॉमर्सवाल्यांचं,” ती म्हणायची. मी विचारलं, “सांवेरकडे मार्चमध्ये शेतकरी काय करतात?”

“पलटी,” ती पटकन म्हणाली. आपण मराठीत कर्जाचं नवं-जुनं म्हणतो तेच. केसीसीचं, म्हणजे किसान क्रेडिट कार्डावरच्या पीककर्जाचं, थकलेलं भरायला सावकाराकडून किंवा पाहुण्याकडून चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज निघालं की परत करायचे. का? तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर त्यात 3 टक्के सवलत मिळून 4 टक्के पडतं. मुदत हुकली की ही सवलत जाते. दोन हंगाम उलटूनही भरलं नाही तर कमी मुदतीच्या पिकाचं खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. हे सगळं तिने शेताच्या बांधावर ऐकलेलं होतं, फक्त तो ‘आर्थिक जाणिवेचा’ अभ्यासक्रम आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी तिच्याकडूनच केसीसीची मर्यादा काढून घेतली. समजा दोन हेक्टर सोयाबीन आणि जिल्हा समितीने ठरवलेला पीककर्जाचा दर हेक्टरी 50,000. झाले 1 लाख. त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी 10 टक्के, अवजारं-विहीर यांच्या देखभालीसाठी 20 टक्के. म्हणजे 1 लाख 30 हजार, वर विम्याचा हप्ता. पुढच्या वर्षांसाठी दरसाल 10 टक्के वाढ. तिने पाचव्या वर्षापर्यंत तोंडी आकडे काढले आणि मग थबकून म्हणाली, “हे तर चक्रवाढ व्याजासारखंच झालं.” गणिताचं पुस्तक त्या संध्याकाळी तिने आपणहून उघडलं.

ग्रामीण बँका का निघाल्या, हेही तिने याच वाटेने वाचलं. 2 ऑक्टोबर 1975 ला पहिली बँक मुरादाबादला उघडली. भांडवल केंद्राचं 50, राज्याचं 15 आणि पुरस्कर्त्या बँकेचं 35 टक्के. नुसतं पाठ करायचं तेव्हा हे आकडे निसटायचे. आपण जिथे काम करणार आहोत त्या घराचा इतिहास म्हणून वाचल्यावर ते राहिले. मध्य प्रदेश ग्रामीण बँकेचं मुख्यालय तर आपल्या इंदुरातच आहे.

उजळणीबद्दलही एक सांगावंसं वाटतं. तिच्या नोट्स तीनदा-चारदा अधोरेखित केलेल्या होत्या. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्याने चित्र उलटलं. ज्यांनी पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला होता त्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. वाचताना येणारी ‘येतंय की मला’ ही भावना फसवी असते, आणि आवडत्या विषयात तर जास्तच. मॉक टेस्ट तिने दहा महिन्यांत तीनच दिल्या होत्या, “तयारी पूर्ण झाली की देईन” म्हणून. आम्ही दर रविवारी एक ठरवली. सोमवारी गुणांबद्दल बोलायचं नाही, फक्त चुका वेगळ्या काढायच्या. येतच नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, आणि ठोकून दिलं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला. पाव-पाव करत तिचे बरेच गुण तिथे झिरपत होते.

आता राहिली बाबांची वही. मी त्यांना म्हटलं, “तास लिहू नका.”

ते एकदम कासावीस झाले. “मग मला कळणार कसं, मॅडम?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी 9 लिहिल्यावर त्यांनाही तोच दिलासा मिळत होता, जो लेकीला मृदाशास्त्रात मिळत होता. आकडा लिहिला की चिंता एका रात्रीपुरती मिटायची. आई-वडिलांवर रागावण्यात काही अर्थ नसतो. त्यांना दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. मी सांगितलं, रोज एकच प्रश्न विचारा आणि तिचं उत्तर लिहा. ‘आज नको वाटत असताना काय उघडलंस?’ कधी उत्तर ‘काहीच नाही’ आलं तर तेही लिहा आणि त्यावर बोलू नका. हे शेवटचं त्यांना सगळ्यात अवघड गेलं. पण त्यांनी पाळलं.

त्यानंतरच्या परीक्षेत तिची लेखी निघाली. मुलाखत झाली आणि अंतिम यादीत नाव आलं नाही. लेखीचं वजन 80 आणि मुलाखतीचं 20, त्यामुळे थोडक्यात हुकतं तेव्हा ते फार लागतं. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी एकटीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मुलाखतीत मला पाठ केलेलं बोलायचं होतं. त्यांनी विचारलं, गावात काय पाहिलंत. मी गडबडले.” पुढच्या वर्षी तिची निवड झाली.

त्या दुसऱ्या मुलाखतीच्या आदल्या रविवारी दोघं माझ्याकडे आले. मी वडिलांना म्हटलं, “तुम्ही शेतकरी व्हा आणि हिच्याकडे कर्ज मागायला या.” ते आधी संकोचले. मग पिशवी मांडीवर घेऊन, आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, सोयाबीन सगळं पाण्यात गेलं. हप्ता कुठून भरू?”

मला वाटलं ती व्याजाच्या सवलतीपासून सुरुवात करेल. तिने समोरची वही बंद केली आणि खुर्ची पुढे ओढली.

“काका, पाणी शेतात साचलं कोणत्या दिवशी? नुकसान कळवायचे 72 तास उलटले नसतील तर आधी विम्याचं कळवून टाकू. कर्जाचं मग बसून बोलू. आणि मला सांगा, किती बिघे पेरलं होतं?”