ब्रेक्झिटवरून ब्रिटनमधली माणसं एकमेकांशी इतकी का भांडली? मतदान झाल्यावर विषय संपायला नको होता का?

मी मूळचा सावंतवाडीचा. २०११ पासून स्विंडनमध्ये राहतो. लंडनहून पश्चिमेला रेल्वेने तासाभरावरचं हे गाव. २३ जून २०१६ ला इथल्या ५४.७ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा, म्हणजेच ब्रेक्झिटचा, कौल दिला. देशभरात तोच आकडा ५१.९ होता. मीही त्या दिवशी मत दिलं, 'राहावं' म्हणून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या दोन शेजाऱ्यांवरून द्यायचं आहे, कारण मला हा वाद त्यांच्यामुळे कळला.

डावीकडच्या घरात गोव्याचे एक अंकल राहतात, साष्टीचे. माझी मालवणी आणि त्यांची कोंकणी, आमचं छान जमतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, त्यांचा जन्म झाला. अशा लोकांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट, आणि त्यावर ब्रिटनमध्ये व्हिसा न काढता राहता-कमावता येत होतं. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती झाली ती याच वाटेने. अंकल २००९ मध्ये आले आणि एका गोदामात रात्रपाळीला लागले.

आता गंमत नव्हे, अन्याय वाटावा अशी गोष्ट सांगतो. त्या सार्वमतात कोण मत देऊ शकत होतं? ब्रिटिश नागरिक, आयरिश नागरिक आणि इथे कायदेशीर राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून मी भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून शाळेतल्या मतदान केंद्रावर गेलो. माझा व्हिसा युरोपवर अवलंबून नव्हता, निकाल काहीही लागला असता तरी माझ्या घरात काही बदलणार नव्हतं. ज्यांचं इथलं राहणंच पणाला लागलं होतं त्या अंकलना मात्र मत नव्हतं, कारण ते कागदोपत्री पोर्तुगीज. भारतीय पासपोर्ट सोडला नसता तर तेही माझ्याबरोबर रांगेत असते. निकालाच्या सकाळी ते रात्रपाळीवरून आले आणि फाटकाशी उभे राहून एवढंच म्हणाले, "म्हाका कोणेंच विचारूंक ना." मला कोणी विचारलंच नाही. मी काय उत्तर देणार?

उजवीकडे एक इंग्रज आजोबा. स्विंडन हे रेल्वेच्या कारखान्यावर उभं राहिलेलं गाव. आजोबा पोरवयात तिथे शिकाऊ म्हणून लागले आणि १९८६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत तिथेच होते. १९७५ मध्येही एक सार्वमत झालं होतं. ब्रिटन १९७३ ला त्या वेळच्या युरोपीय समुदायात गेला आणि दोनच वर्षांनी 'राहायचं का' असं लोकांना विचारलं गेलं. तेव्हा ६७ टक्के 'राहू' म्हणाले. आजोबांनी तेव्हाही 'नको' म्हटलं होतं आणि २०१६ लाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जो माझ्यासाठी कायदा करतो त्याला निवडणुकीत घरी बसवण्याचा हक्क मला हवा, ब्रसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयात, तो मिळत नाही. ३५ कोटी पौंडांची ती लाल बस आली नसती तरी त्यांनी हेच मत दिलं असतं. ही बस म्हणजे 'आपण दर आठवड्याला युरोपला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊ' हा प्रचार. तो आकडा फसवा होता. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा पैसा त्यातून वजाच केलेला नव्हता.

हेच आजोबा अंकल सुट्टीवर गोव्याला गेले की त्यांच्या टोमॅटोंना पाणी घालतात. निकालानंतर टीव्हीवर 'बाहेर' म्हणणाऱ्यांना सरसकट वंशद्वेष्टे म्हटलं जायला लागलं, तेव्हा ते मनापासून दुखावले होते. मला त्यांचं मत पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांचा अपमान व्हायला नको होता. दुसऱ्या बाजूने, त्या दिवसांत बसमध्ये पोलिश बोलणाऱ्या बायकांना 'आता निघा' असं सुनावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते बोलणाऱ्याचं आणि आजोबांचं मत एकाच पेटीत, एकाच ढिगात मोजलं गेलं.

माझ्या मते खरं दुखणं इथे आहे. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, राहायचं किंवा सोडायचं. सोडून कुठे जायचं, हे कुठेच छापलेलं नव्हतं. नॉर्वेसारखं बाजारपेठेत राहायचं? तुर्कस्तानसारखं फक्त जकातीपुरतं जोडलेलं राहायचं? की सगळेच धागे तोडायचे? 'सोडा' म्हणणाऱ्या १ कोटी ७४ लाख लोकांत या तिन्ही मतांची माणसं होती. करी हाउसवाल्या, म्हणजे इथे आपल्याकडच्या जेवणाची हॉटेलं चालवणाऱ्या, काही मंडळींना तर असं सांगितलं गेलं होतं की युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडून आचारी आणणं सोपं जाईल. म्हणून तुम्ही म्हणता तसा मतदानाने विषय संपला नाही. खरं भांडण मतदानानंतरच सुरू झालं.

संसदेत काय झालं ते पाहा. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी सुमारे दीड वर्ष घासाघीस करून करार आणला. १५ जानेवारी २०१९ ला तो ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. विरोधात मत देणाऱ्यांत 'हा करार फारच मिळमिळीत आहे' म्हणणारे होते आणि 'युरोप सोडूच नका' म्हणणारेही होते. मग मार्चअखेर खासदारांनीच ८ पर्याय मांडले आणि आठही पाडले. १ एप्रिलला पुन्हा मतदान झालं, त्यात जकात संघाचा, म्हणजे युरोपशी जकातीपुरतं जोडलेलं राहण्याचा, प्रस्ताव अवघ्या ३ मतांनी पडला. प्रत्येक वाटेला बहुमताचा विरोध आणि कुठल्याच वाटेला बहुमत नाही, असे ते महिने गेले. घराघरांत वेगळं काय चाललं होतं? माझ्या ऑफिसात दोन सख्ख्या भावांनी त्या नाताळात एकत्र जेवण घेतलं नाही.

आणि आयर्लंड. प्रचारात या विषयावर इथे इंग्लंडमध्ये मी जवळजवळ काहीच ऐकलं नव्हतं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, बाकीचा आयर्लंड युरोपीय संघात, मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. १९९३ मध्ये युरोपची सामाईक बाजारपेठ झाल्यावर तिथले जकातनाके उठले आणि १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर लष्कराच्या चौक्याही गेल्या. ब्रिटन त्या बाजारपेठेतून बाहेर पडणार म्हटल्यावर माल कुठेतरी तपासावाच लागणार. जमिनीवर तपासला तर तीस वर्षांच्या हिंसेनंतर आलेली शांतता धोक्यात. उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रावर तपासला तर एकाच देशाच्या दोन भागांत नाका. शेवटी मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी समुद्राचा मार्ग घेतला, आणि तो सुसह्य करायला पुढे पंतप्रधान झालेल्या ऋषी सुनक यांना २०२३ मध्ये विंडसर करार करावा लागला.

३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडला. त्याआधीच अंकलचा अर्ज भरून झाला होता. युरोपीय नागरिकांना इथे राहायचं तर नव्याने नोंद करणं भाग होतं. सुरुवातीला त्याचं अ‍ॅप फक्त अँड्रॉइडवर चालायचं आणि अंकलकडे मुलीने दिलेला आयफोन. मग माझ्या फोनवर त्यांचा पासपोर्ट टेकवून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. चिप तिसऱ्या खेपेला वाचली गेली. दहा वर्षं कर भरलेला माणूस 'मला राहू द्या' म्हणून चेहऱ्याचा फोटो काढून घेत होता, आणि त्यांचा हात थरथरत होता.

वाद मिटला का, तर विझला आहे, मिटलेला नाही. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अंदाज आहे की संघात राहिल्याच्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२५ मध्ये भारताशी स्वतंत्र व्यापार करार झाला, तो संघात राहून ब्रिटनला एकट्याने करताच आला नसता, हे मान्य करायलाच हवं. स्थलांतर कमी होईल या आशेने मत दिलेल्यांना मात्र २०२३ मध्ये ते उलट वर्षाला निव्वळ ९ लाखांच्या वर गेलेलं पाहावं लागलं. आजोबा म्हणतात, हक्क परत मिळाला, वापरणारे नालायक निघाले. अंकलच्या पुतण्याकडेही आता पोर्तुगीज पासपोर्ट आहे, पण त्यावर त्याला व्हिसा न काढता इथे राहता-कमावता येत नाही. तो लिस्बनला गेला.

अंकलनी दरम्यान ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. ४ जुलै २०२४ ला संसदेसाठी आयुष्यात पहिल्यांदा इथे मत द्यायला ते निघाले, तेव्हा आम्ही तिघेही बरोबर गेलो, त्याच शाळेत. आता ओळखपत्र दाखवावं लागतं. अंकल घरून निघताना पासपोर्ट दोनदा तपासून आले होते.