'तात्पुरती' स्थितिसूचना की 'तात्कालिक'?

सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने आपल्या चॅट सर्व्हरच्या मराठी माहितीपत्रिकेतील एक वाक्य तपासायला पाठवले आहे : 'सर्व्हरने तात्पुरत्या स्थितिसूचना असलेले संदेश जतन करू नयेत.' यातील 'तात्पुरत्या' आणि 'जतन' हे शब्द योग्य आहेत का, अशी त्याची पृच्छा आहे. (स्थितिसूचना म्हणजे 'समोरची व्यक्ती लिहीत आहे' यासारखी, चॅटमध्ये आपोआप जाणारी सूचना.) माझ्या मते दोन्ही बदलावेत. शिवाय एक शब्द वाढवावा लागेल, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पक्की सोय होईपर्यंत जे चालवून घ्यायचे ते तात्पुरते. तात्पुरती शेड, तात्पुरती नेमणूक. अशी गोष्ट काही काळ टिकावी हीच अपेक्षा असते. 'समोरची व्यक्ती लिहीत आहे' ही सूचना मात्र थोड्या वेळाने निरुपयोगीच नव्हे, तर चक्क खोटी ठरते. 'क्षणिक' अर्थाने जवळचा खरा, पण सुख आणि मोह यांच्या संगतीत राहून त्याला कीर्तनाचा सूर लागला आहे. म्हणून 'तात्कालिक' बरा. 'तत्कालीन' मात्र नको, कारण तो 'तत्कालीन जिल्हाधिकारी' अशा गतकाळाच्या उल्लेखासाठी आहे.

'जतन' या शब्दाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण एक्सएमपीपी या चॅट-संदेशांच्या खुल्या नियमपद्धतीवर चालणाऱ्या सर्व्हरवर साठवण दोन तऱ्हांनी होते. संदेश ज्याच्यासाठी आहे ती व्यक्ती ऑफलाइन असेल, तर ती परत येईपर्यंत तो बाजूला ठेवून मग तिच्या हवाली करणे, ही एक तऱ्हा. संभाषणाचा संग्रह दीर्घकाळ सांभाळणे, ही दुसरी. पहिलीला 'राखून ठेवणे' आणि दुसरीला 'जतन करणे' म्हणावे. हा भेद निव्वळ हौसेचा नाही : संदेशाला 'नो-पर्मनंट-स्टोअर' अशी खूण असेल, तर तो जतन करू नये, पण राखून ठेवण्यास हरकत नसते, 'नो-स्टोअर' असेल, तर दोन्ही टाळावे. दोहोंना सामावणारा शब्द हवा असेल, तर आपल्याकडे पेवातल्या ज्वारीला लावतात तो 'साठवणे' आहेच.

आता वाढवायचा शब्द : 'केवळ'. चॅट-स्टेटच्या, म्हणजे या स्थितिसूचनांच्या, 'अ‍ॅक्टिव्ह', 'कंपोझिंग', 'पॉझ्ड', 'इनॅक्टिव्ह' आणि 'गॉन' या पाच स्थितींपैकी 'अ‍ॅक्टिव्ह' ही पुष्कळदा खऱ्या मजकुराबरोबरच येते. ऑफलाइन संदेशांविषयीच्या एक्सईपी-०१६० या एक्सएमपीपीच्या पूरक दस्तऐवजातही मनाई आहे ती फक्त चॅट-स्टेटच असलेल्या संदेशांना. विद्यार्थ्याचे वाक्य जसेच्या तसे पाळले, तर 'उद्या सकाळी स्टेशनवर ये' हा निरोपही सूचनेसोबत आला म्हणून टाकून दिला जाईल.

तेव्हा वाक्य असे करावे : 'ज्या संदेशात केवळ तात्कालिक स्थितिसूचना आहे, तो सर्व्हरने साठवू नये.' संदेश मिळाल्याची पोच हीदेखील मजकुराविना येते. पण पाठवणारा दुसऱ्या दिवशी आला तरी ती त्याला हवीच असते, त्यामुळे तिची गणना 'तात्कालिक' या शब्दाखाली करू नये.