गॅस सिलिंडरच्या खोलीची भिंत जाड केली, तर ती स्फोटात टिकेल का?

कारखान्याच्या आवारात सिलिंडर ठेवण्याची खोली बांधताना भिंत नऊ इंचांऐवजी चौदा इंचांची केली, तर स्फोट झाला तरी ती टिकेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टिकणार नाही. जाडीवर विसंबण्याचा हा सल्ला सोलापुरात मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि त्याचा परिणाम जवळून पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत सूत रंगवण्याच्या एका कारखान्याचे बांधकाम माझ्या देखरेखीखाली होते. सिलिंडरच्या खोलीला तीन बाजूंनी सळई घातलेल्या काँक्रीटच्या भिंती, चौथ्या बाजूला जाळी आणि वर हलका पत्रा असावा, असे मी सुचवले होते. वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले ठेकेदार म्हणाले, "साहेब, चौदा इंचांची भिंत म्हणजे किल्ला. तिला लोखंड कशाला?" मालकांना ते पटले, आणि वर पत्र्याऐवजी स्लॅब टाकला गेला. पुढे एका रात्री गॅस गळून खोलीत साठला आणि पहाटे बाहेरचे बटण दाबताच पेटला. कामगार भाजला, पण वाचला.

मी पोहोचलो तेव्हा रस्त्याकडची भिंत सबंध बाहेर आडवी झाली होती आणि तिच्या मध्यावर एक सरळ आडवी भेग होती. विटा बहुतेक अखंड होत्या. सुटले होते ते सांधे. विटा न भिजवता लावल्यामुळे सिमेंटचा माल त्यांना नीट धरलाच नव्हता, हे हाताने वीट उचलताच कळत होते. शेजारी सळईचे खांब मात्र जागच्या जागी उभे होते. समोरच्या घराच्या खिडकीच्या काचा आतल्या भिंतीच्या गिलाव्यात रुतल्या होत्या आणि काही तुकडे रस्त्यावर पडले होते, कारण दाबाच्या लाटेमागून ओढही येते.

वीट, दगड, काच आणि साधे काँक्रीट दाब उत्तम सोसतात, ताण सोसत नाहीत. काँक्रीटची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण एक दशांशच असते. भिंतीवर आडवा दाब आला की ती वाकते, मागच्या अंगाला ताण पडतो आणि तिथेच ती तुटते. केवळ ७ किलोपास्कल दाब म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलो. दहा फूट बाय बारा फूट भिंतीवर तो साडेसात टनांपेक्षा जास्त भरतो. काच तर याहून पुष्कळ कमी दाबाला फुटते. १९१७ साली कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचे जहाज जळताना पाहायला खिडकीशी उभ्या राहिलेल्या अनेकांचे डोळे, जहाजाचा स्फोट होताच, गेले, ते काचांमुळे. लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीत १९६८ साली अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भिंतीचे तयार काँक्रीट पट्टे सरकले आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. तिथेही दुबळे होते ते सांधेच.

आपल्याकडे तर ३० सप्टेंबर १९९३ नंतर हा वाद संपायला हवा होता. किल्लारी परिसरातील घरांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाड होत्या आणि माणसे त्यांच्याखालीच गेली. भूकंप आणि स्फोट यांचे बळ वेगळे असते, हे मान्य आहे. परंतु बांधून ठेवणारे काही नसले की जाड भिंत हा केवळ मोठा ढिगारा ठरतो, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

एक गोष्ट मात्र ठेकेदारांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सुरुंगासारखा स्फोट काही मिलिसेकंदांत संपतो आणि तिथे भिंतीच्या वजनाचा खरोखर उपयोग होतो. गॅसचा दाब तुलनेने सावकाश चढतो आणि अधिक काळ टिकतो; पूर्ण बंद जागेत तो वातावरणाच्या सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. तो कोंडून धरील अशी विटांची भिंत नाही, म्हणून त्याला वाट द्यावी लागते. खोली मुख्य शेडपासून दूर घ्या, तळाशी आणि वर हवा खेळेल अशी जाळी ठेवा, छत हलके ठेवा आणि उघडी बाजू माणसांच्या वावरापासून वळवा. भिंतींची जाडी आणि सळई आयएस ४९९१ हे स्फोटात टिकणाऱ्या बांधकामाचे भारतीय मानक वाचलेल्या संरचना अभियंत्याकडून काढून घ्या, आणि नियमांतील सुरक्षित अंतरे आधी तपासा.