ऑईल पंप दुरुस्त करू, बदलू की ट्रकच विकू?

प्रश्न: नऊ महिन्यांपूर्वी कर्ज काढून जुना डिझेल ट्रक घेतला. २६ हप्ते बाकी आहेत. गेल्या आठवड्यात ऑईलचा दिवा लागला, तरी दहा मिनिटं चालवत गाडी गॅरेजला आणली. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवल्यावर पंपाचे दाते आणि आतली भिंत खरवडलेली दिसली. मेकॅनिक म्हणतो, जुनाच पंप लेथवर करून घ्या, स्वस्तात होईल. भाऊ म्हणतो, नवा टाक. एक व्यापारी आहे तशी गाडी न्यायला तयार आहे. अडीअडचणीची ठेव मोडावी का?

उत्तर: तुम्ही सगळे आकडे पाठवलेत ते बरं केलंत. हिशेब सोपा व्हावा म्हणून चालू स्थितीतल्या ट्रकची किंमत १०० धरतो आणि बाकीचं त्या प्रमाणात मांडतो. नवा पंप मजुरीसकट ६. जुना दुरुस्त करून ४. पूर्ण इंजिन बांधायचं तर ३०. व्यापारी देतोय ६०. कर्जाची बाकी ६७. ठेव २०. हप्ता भरून महिन्याला हातात उरतात २.

आधी व्यापाऱ्याचं बघू, कारण तो विषय लगेच संपतो. ६० घेतले तर कर्जही फिटत नाही. वर ७ खिशातून घालायचे आणि कमाईचं साधनही गेलेलं. शिवाय त्याने किमतीतून ४० कापलेत, म्हणजे पूर्ण इंजिन बांधण्याच्या खर्चापेक्षाही जास्त. इंजिनात आत काय झालंय हे त्याला माहीत नाही, म्हणून तो वाईटात वाईट धरून चाललाय. माहीत तुम्हालाही नाही, पण चेंबर खाली आहे तोवर ते तुम्ही स्वस्तात पाहून घेऊ शकता.

तेव्हा पंपाची ऑर्डर देण्याआधी दोन कामं करा. जुना ऑईल फिल्टर कापून आतला घडीचा कागद उजेडात उलगडा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चिकटेल तो कीस बहुतेक पंपाच्या दात्यांचा. चमकणारे पण चुंबकाला न लागणारे कण असतील तर बेअरिंगचा, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) ज्यांत फिरतो त्या पातळ धातूच्या वाट्यांचा, संशय धरा. (पंपाचं घर ॲल्युमिनियमचं असेल तर ते कण तिथलेही असू शकतात, मेकॅनिकला विचारा.) मग एक-दोन कनेक्टिंग रॉडच्या टोप्या खोलून बेअरिंग बघायला सांगा. वरचा राखाडी थर झिजून खाली तांबूस रंग दिसत असेल तर प्रश्न पंपापुरता राहिलेला नाही. ती दहा मिनिटं भोवली की नाही, ते इथेच कळेल. टर्बो असेल तर त्याचा दांडाही हाताने हलवून बघा. तो तेलाच्या पातळ थरावरच फिरतो, त्यामुळे तेल तुटल्याचा फटका त्याला लवकर बसतो.

हे आधी का, तर पंप तेल ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. बेअरिंग झिजून फट वाढली की तेल तिथून निसटतं आणि कोरा पंप बसवूनही दिवा लागतच राहतो. नव्या पंपाचे पैसे वाया जातात ते बहुतेक असेच.

बेअरिंग ठीक निघाली तर नवा पंप घ्या. दुरुस्तीत वाचतात २, आणि पंपाने दगा दिला तर जातात ३०. म्हणजे पंधरातला एक दुरुस्त पंप जरी फसला, तरी सगळी बचत धुऊन गेली. झाकणाची पाटी घासून सपाट करता येते, भिंतीचा गेलेला धातू परत येत नाही, त्यामुळे मी त्या शक्यतेवर पैज लावणार नाही. भंगारातल्या इंजिनाचा पंप तर नकोच, तो किती चाललाय हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. ठेवीतून ६ काढा, तीन महिन्यांत भरून निघतील. मुदतीआधी मोडण्याचा दंड आणि ठेवीवरच्या कर्जाचं व्याज दोन्ही बँकेला विचारा. इतक्या थोड्या काळासाठी कर्ज बहुधा स्वस्त पडेल.

बेअरिंग गेली पण क्रँक गुळगुळीत आहे, असं झालं तर बेअरिंगचा संच, ऑईलच्या वाटांची धुलाई, ऑईल कूलर हे सगळं धरून १२ ची मर्यादा घाला. कूलर नुसता धुऊन भागवू नका, त्याच्या आत अडकलेला कीस सहसा पूर्ण निघत नाही आणि नव्या बेअरिंगमध्ये जातो. ही मर्यादा आजच लिहून मेकॅनिकला दाखवा. इंजिन उघडं पडल्यावर ‘आता एवढं केलंच आहे तर’ म्हणत बिल कसं फुगतं, ते मी बऱ्याच ग्राहकांच्या वह्यांत पाहिलंय.

क्रँकच खराब असेल तर अवघड आहे. ३० मध्ये ठेव संपते, वर १० चं नवं कर्ज, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर ३ चा हप्ता वेगळा. नुसत्या ३० च्या भरपाईला १५ महिने. गिअरबॉक्स, एक्सल आणि चॅसी दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून चांगली निघाली तरच मी हे करीन. नाहीतर उघडं इंजिन दाखवून दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्या. नुकसान डोळ्यांसमोर असलं की अंदाजाने कापलेले पैसे थोडे तरी परत मिळतात. ६५ आले तर बाकी फेडायला २ च कमी पडतात.

विम्याची आशा धरू नका. वाहनाच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाहीत. मात्र चेंबरला दगड लागून हे झालं असेल तर चेंबर बदलण्याआधी त्याचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

कर्ज देणाऱ्याला फोन आजच करा, हप्ता चुकण्याआधी. आणि पंप बसल्यावर तो तेलाने भरून, इंजिन चालू न करता दाब येईपर्यंत नुसतं फिरवायला सांगा, दाब साध्या काट्याच्या गेजवर बघा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पुन्हा बघा, कारण थंड तेल जाड असतं आणि आकडा चांगला दाखवतं. साधारण मिनिटाच्या दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय (दाबाचं माप) असा ठोकताळा आहे, पण शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. तो आकडा बिलावर लिहून घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.